चर्चच्या दारातला कापूस

मुंबईच्या किल्ल्यात एका अर्धवट इमारतीच्या भिंती चाळीस वर्षे उघड्यावर उभ्या होत्या. पाच वार उंच गेल्या आणि तिथेच थांबल्या. वर छप्पर नाही, आत फरशी नाही. इंग्रजांचे मुंबईतले पहिले चर्च व्हायचे होते ते. गव्हर्नर जेराल्ड ऑंजिए याने १६७०च्या दशकात हजारभर माणसे मावतील असा बेत आखून पाया घातला, वर्गणीही गोळा झाली. ऑंजिए १६७७ मध्ये सुरतेला वारला आणि काम बसले.

पैसे कुठे गेले? अलेक्झांडर हॅमिल्टन नावाचा एक स्कॉटिश दर्यावर्दी व्यापारी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर अनेक वर्षे वावरला. त्याचे पुस्तक १७२७ साली निघाले आणि त्यात त्याने सरळ नाव घेतले. चर्चसाठी जमलेले पाच हजार पौंड सर जॉन चाइल्डने गिळले, असे त्याचे म्हणणे. चाइल्ड म्हणजे कंपनीचा पश्चिम किनाऱ्यावरचा सर्वेसर्वा. हॅमिल्टनचे शब्द प्रमाण मानायचे कारण नाही. तो स्वतंत्र व्यापार करणारा माणूस, कंपनी त्याच्या डोळ्यांत सलणारच. पण एवढे खरे की वर्गणी देणारे सगळे व्यापारी होते, वर्गणी सांभाळणारेही व्यापारीच होते आणि चर्च काही उभे राहिले नाही. तोवर उपासना किल्ल्यातल्या एका खोलीत चाले.

चर्चमध्ये बाजार भरवू नये, हे कोणत्याही ख्रिस्ती माणसाला शिकवावे लागत नाही. येशूने यरुशलेमच्या मंदिरात सराफांचे चौरंग उलथले, कबुतरे विकणाऱ्यांना हाकलले, ही कथा चारही शुभवर्तमानांत आहे. त्यातला एक बारकावा प्रवचनात सहसा येत नाही. ते सराफ तिथे उगीच बसलेले नव्हते. मंदिराचा अर्धा शेकेल कर सोर शहराच्या नाण्यात भरावा लागे, कारण त्यातली चांदी खात्रीची. लांबून आलेल्या यात्रेकरूच्या कनवटीला भलतेच नाणे, म्हणून बदलून देणारा हवा. बळी द्यायला कबुतर हवे, म्हणून विकणारा हवा. म्हणजे उपासनेच्या सोयीसाठीच बाजार आत आला होता. बाजार नेहमी सोयीच्याच दाराने आत येतो. मुंबईत मात्र क्रम उलटा झाला. तिथे बाजार आधी होता, उपासना मागाहून आली.

दुसऱ्या चार्ल्सने १६६८ साली मुंबई बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले. कंपनीला तिथे राज्य करायचे नव्हते, गिऱ्हाईक बोलवायचे होते. ऑंजिएचे धर्मविषयक धोरण याच हिशेबातून समजून घ्यावे लागते. दीवचा बनिया व्यापारी निमा पारख १६७७ मध्ये मुंबईत यायला तयार झाला तो लेखी अटी घालून. आपल्या लोकांना धर्म मोकळेपणी पाळता यावा, आपल्या आवारात कुणी जीवहत्या करू नये, ही कलमे त्यात होती. कंपनीने ती मान्य केली. पोर्तुगिजांच्या मुलखात देवळे पाडली गेली होती, इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाची दहशत होती. त्या मानाने मुंबईचा हा करार फार मोकळ्या मनाचा वाटतो. होताही. फक्त त्या मोकळेपणाच्या तळाशी जकातीचे उत्पन्न होते, एवढे विसरू नये.

गोव्यातल्या पोर्तुगिजांनी धर्म आणि धंदा यांची वाटणी निराळी केली होती. डच प्रवासी लिन्सखोटेन १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात होता. शहराच्या हमरस्त्यावर रोज सकाळी भरणाऱ्या लिलावाचे वर्णन त्याने केले आहे. अरबी घोडे, मसाले, कापड, मेलेल्या माणसांचे घरसामान आणि त्याच रांगेत गुलाम स्त्री-पुरुष. उन्हे चढली की लिलाव उठे. रविवारी आणि सणाच्या दिवशी मात्र तो भरत नसे. माणूस विकायला हरकत नव्हती, रविवारी विकायला होती. त्याच गोव्यात १५७९ मध्ये उतरलेल्या फादर थॉमस स्टीफन्सने मराठी ओव्यांत ख्रिस्तचरित्र लिहिले. ‘क्रिस्तपुराण’ म्हणून आपण ओळखतो ते १६१६ मध्ये राशोलला छापले गेले.

इंग्रज कंपनीच्या पाद्र्यांनाही पैशाचे वावडे नव्हते. बंगालच्या वखारीत १६७८ मध्ये आलेला जॉन इव्हान्स हा पाद्री तिथे इतका रमला की कंपनीचे संचालक वैतागले. उपासना बाजूला राहून खासगी व्यापार जोरात, अशी त्याच्याबद्दल तक्रार. शेवटी कंपनीने त्याला कामावरून काढले. तो गाठीशी चांगली पुंजी बांधून मायदेशी गेला आणि पुढे बँगोरचा बिशप झाला. हे उदाहरण टोकाचे म्हणा हवे तर. पण त्या काळात हिंदुस्थानात येऊन नुसत्या पगारावर राहणारा युरोपियन दुर्मीळच होता.

मुंबईला १७१४ मध्ये आलेला रिचर्ड कॉब मात्र वेगळ्या घडणीचा माणूस. किल्ल्यात जाताना-येताना त्या पडीक भिंती त्याच्या नजरेला पडत. आजूबाजूला हिंदूंची देवळे आहेत, मुसलमानांच्या मशिदी आहेत, पोर्तुगिजांची चर्चे आहेत, आपल्याकडे मात्र एक खोली, याची त्याला लाज वाटे. त्याने व्यासपीठावरूनच विषय काढला. गव्हर्नर चार्ल्स बून याने उचलून धरले. किनाऱ्यावरच्या आणि लांबच्या वखारींना वर्गणीची पत्रे गेली, कंपनीने भर घातली आणि १७१५ मध्ये काम पुन्हा सुरू झाले. १७१८च्या नाताळच्या दिवशी चर्च उघडले.

त्या दिवसाचे वर्णन कॉबने स्वतः लिहून ठेवले आहे. ते १७६६ साली, म्हणजे तो म्हातारा झाल्यावर, इंग्लंडात छापले गेले. गव्हर्नर आणि कौन्सिल मिरवणुकीने आले. उपासना झाली, एका बाळाचा बाप्तिस्मा झाला. प्रवचन संपल्यावर बडी मंडळी चर्चला लागून असलेल्या पाद्र्याच्या खोलीत गेली आणि तिथे स्पॅनिश मद्याचे पेले उंचावून नव्या चर्चला यश चिंतिले गेले. मग सगळे गव्हर्नरच्या घरी मेजवानीला. मला या सगळ्यात लक्ष ठेवावेसे वाटते ते दाराशी उभ्या असलेल्या एका माणसावर. कॉब त्याचे नाव ‘रामाजी’ असे देतो. हा आपल्या जातभाईंसह उपासना संपेपर्यंत तिथे उभा होता आणि सगळा सोहळा शिस्तशीर पाहून खूश झाला होता, असे कॉब समाधानाने नोंदवतो.

हा रामाजी म्हणजे रामा कामती. मुंबईतला बडा शेणवी व्यापारी, कंपनीच्या देशी शिपायांवर वजन असलेला माणूस. वाळकेश्वरचे देऊळ त्याने १७१५ च्या सुमारास नव्याने बांधून घेतले, म्हणजे इकडे चर्चचे काम सुरू झाले साधारण त्याच वेळी. स्वतःचे देऊळ उभारलेला हा गृहस्थ दुसऱ्यांच्या देवघराच्या उद्घाटनाला कौतुकाने दाराशी थांबतो, यात मला मुंबईचा स्वभाव दिसतो. पण त्या स्वभावाची दुसरी बाजूही लगेच पुढे आली. दोनच वर्षांत, १७२० मध्ये, कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून बूनच्याच सरकारने त्याच्यावर खटला चालवला. साक्षीदाराचे अंगठे पिळून जबानी घेतली गेली, पुरावा म्हणून दाखवलेली पत्रे बनावट होती, असे पुढच्या इतिहासकारांनी दाखवून दिले. मालमत्ता जप्त झाली. रामा कामती १७२८ च्या सुमारास तुरुंगातच मेला. कॉबचेही कौन्सिलशी बिनसले होते आणि त्याला नोकरी सोडून परतावे लागले. चर्च उभे करणारा आणि दारातून ते पाहणारा, दोघांनाही त्याच व्यापारी सरकारने वाटेला लावले.

आता चर्चच्या आत जाऊ. तिथे कोणी काही विकत नव्हते. गाठी, पेट्या, तराजू उंबऱ्याबाहेर. पण बसायच्या जागा? त्या दर्जाप्रमाणे नेमलेल्या होत्या. गव्हर्नर आणि कौन्सिल पुढे, मग त्यांच्या बायका, मग उतरत्या क्रमाने बाकीचे. एका रांगेवर ‘कनिष्ठ स्त्रिया’ या अर्थाची पाटी होती, असे जुन्या मुंबईची वर्णने सांगतात. पंगतीत कोणाला कुठे बसवायचे यावरून आपल्याकडे लग्ने मोडलेली आहेत, तेव्हा आपण हसण्यात अर्थ नाही. इथे कंपनीच्या पगारपत्रकाचीच उतरंड देवासमोर मांडली होती एवढेच. ज्युनियर मर्चंट, सीनियर मर्चंट या कंपनीच्या पदव्याच व्यापारी होत्या. बाके त्या क्रमाने लागली तर नवल कसले. बाजाराचा माल बाहेर अडवता आला, बाजाराचा भाव मात्र आत येऊन बसला आणि तो कोणाला खटकला नाही. मंदिरातले चौरंग उलथणाऱ्याच्या अनुयायांनी ही बाके उलथल्याची नोंद नाही.

भिंतींवरही तेच. पुढल्या शंभर-दीडशे वर्षांत त्या संगमरवरी स्मारकांनी भरून गेल्या. काही खरोखर लायक माणसांची आहेत. बालहत्या थांबवण्यासाठी झटलेला गव्हर्नर जोनाथन डंकन १८११ मध्ये मुंबईत वारला, त्याचे आहे. इतर कितीतरी अशांची आहेत की ज्यांच्या नातलगांना चांगला शिल्पकार परवडला.

चर्चच्या पुढ्यात मोठे मोकळे मैदान होते, बॉम्बे ग्रीन. किल्ल्याच्या तीन मुख्य दरवाजांपैकी चर्चकडून निघणाऱ्या रस्त्याच्या टोकाचा तो चर्चगेट, उत्तरेकडचा बाजारगेट आणि तिसरा अपोलो. नावांवरून वाटते की चर्चचे आणि बाजाराचे दरवाजे वेगळे होते. प्रत्यक्षात अठराव्या शतकाच्या अखेरीला चीनशी कापसाचा व्यापार वाढला आणि बॉम्बे ग्रीनवर कापसाच्या गाठींच्या राशी लागू लागल्या, त्या पार चर्चच्या अंगणापर्यंत. हंगामात तिथे आडते, दलाल, हमाल, गाठी दाबणारे, तोलणारे यांची झुंबड. कापसाचे तंतू हवेत तरंगत. उघड्यावर रचलेल्या या ढिगांना एक ठिणगी पुरली असती, आणि १८०३ ची किल्ल्यातली भयंकर आग मुंबई विसरलेली नव्हती. तरी कापूस तिथून हलायला १८४४ साल उजाडले. मग तो कुलाब्याला गेला आणि विसाव्या शतकात तिथून शिवडीला. हार्बर लाइनवरच्या कॉटन ग्रीन स्टेशनावर आज ना कापूस दिसतो ना हिरवळ. ते नाव तीन मुक्काम करत तिथे पोचले आहे.

या कापसात आमच्या बाजूचा, म्हणजे विदर्भाचाही वाटा होता. वऱ्हाडचा कापूस पूर्वी बैलांवर लादून पूर्वेकडे मिर्झापूरला जाई. १८२५-२६ मध्ये पेस्तनजी या पारशी पेढीने तो पहिल्यांदा बैलांच्या पाठीवरून मुंबईकडे धाडला. घाट उतरून गाठी बंदराला लागल्या की पुढचा मुक्काम बॉम्बे ग्रीन. म्हणजे अमरावती-खामगावच्या शेतातले बोंड चर्चच्या दारात येऊन पडत होते. गोंदियाकडे कापूस नाही, आम्ही धानवाले. वैनगंगेच्या खोऱ्यातला तांदूळ आणि जंगलातला तेंदूपत्ता हा आमचा व्यापार, आणि तोही रेल्वे आल्यावर फुगलेला.  जंक्शन आणि बाजारपेठ म्हणून गोंदियाचे नाव बंगाल-नागपूर रेल्वेच्या जमान्यापासून आहे.

आणि गोंदियाच्या माणसाला देवाच्या दारात बाजार असावा की नसावा हा सगळा वाद जरा परका वाटतो, हे सांगून टाकतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडावर महाशिवरात्रीची जत्रा भरते. एकाच डोंगरावर महादेव आणि दर्गा. सालेकशातल्या कचारगडला माघ पौर्णिमेला गोंड समाज दूरदूरच्या राज्यांतून येतो. दोन्हीकडे नारळ, रेवड्या, बांगड्या, पाळणे, प्लास्टिकची खेळणी, झुणका-भाकरीचे ठेले. दुकाने नसतील तर ती जत्राच नव्हे. देवाला जाताना बाजार करायचा आणि बाजाराला जाताना देव करायचा, ही आमची रीत. वांद्र्याच्या माउंट मेरीला सप्टेंबरात हेच दिसते. चर्चच्या चढणीवर मेणाचे हात, पाय, घर, बाळ विकायला मांडलेले असतात. ज्याला जे मागायचे ते त्याने मेणात घ्यावे आणि आत नेऊन वाहावे. घेणाऱ्यांत ख्रिस्ती किती आणि इतर किती, हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. यरुशलेमचे कबुतर आणि वांद्र्याचा मेणाचा पाय यांत फरक असलाच तर तो जागेचा. कबुतर मंदिराच्या आवारात विकले जात होते, मेणाचा पाय पायरीखाली विकला जातो. तेवढ्या फरकावर सगळे निभावून जाते.

मुंबईच्या चर्चसमोरून कापूस गेला, पण जागा रिकामी राहिली नाही. १८३३ मध्ये पूर्ण झालेल्या टाउन हॉलसमोरच्या वडाखाली १८५०च्या दशकात शेअर दलाल जमू लागले. सुरुवातीला वीस-बावीस असतील. चर्च तोवर सेंट थॉमस कॅथीड्रल झाले होते. १८३७ मध्ये त्याला तो दर्जा मिळाला आणि लगेच मनोरा उंच करून त्यात घड्याळ बसले. मुंबईच्या रस्त्यांवरचे मैलाचे दगड याच कॅथीड्रलपासून मोजलेले. पुढे १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे पैसे मुंबईकडे वळले. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. शेअर दलाल प्रेमचंद रायचंद हे नाव घरोघरी झाले. बॉम्बे ग्रीनचे प्लॉट पाडून ते चढ्या भावाने विकले गेले आणि तिथे एल्फिन्स्टन सर्कलच्या गोलाकार इमारती उठल्या. आजचे हॉर्निमन सर्कल ते हेच. त्यात बँका आणि व्यापारी पेढ्या आल्या. कॅथीड्रल आता त्यांच्या वेढ्यात.

पैसा असा वाहत असताना कॅथीड्रलनेही हात धुऊन घ्यायचे ठरवले. १८६५ च्या सुमारास इमारतीचा कायापालट करायची योजना निघाली. वेदीकडचा भाग नव्या गॉथिक धाटणीने बांधून झाला, देखणा झाला. बाकीची योजना पैशाअभावी सोडून द्यावी लागली. कारण शोधायला लांब जायला नको. त्याच वर्षी अमेरिकेतले युद्ध संपले आणि १ जुलै १८६५ च्या वायदेफेडीला अर्धी मुंबई दिवाळखोर निघाली. शेअरची कागदे रद्दीच्या भावाने गेली, पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. पावणेदोनशे-दोनशे वर्षांपूर्वी वर्गणी गायब झाल्यामुळे जे चर्च अर्धवट राहिले होते, त्याचे नूतनीकरण बाजार बसल्यामुळे अर्धवट राहिले. आजही आत गेलात तर पश्चिमेकडचा साधासुधा जुना भाग आणि पूर्वेकडची निमुळत्या कमानींची वेदी असा जोड दिसतो. प्रवेशाजवळच्या कारंज्याचा आराखडा लंडनच्या गिल्बर्ट स्कॉटचा आणि पैसा कावसजी जहांगीर रेडिमनी या पारशी शेठचा. आडनावच ‘रोकड तयार’ असलेल्या माणसाचे कारंजे चर्चच्या दारात असावे, ही मुंबईची थट्टा म्हणायची.

नोव्हेंबर १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि अँग्लिकनांबरोबर इतरही काही प्रोटेस्टंट मंडळ्या तीत आल्या. मुंबईचे सेंट थॉमस कॅथीड्रल आणि विदर्भातली अनेक छोटी चर्चे तेव्हापासून एका छत्राखाली आहेत. या मंडळ्यांपैकी अनेकींत हंगाम निघाल्यावर कापणीचा सण होतो. लोक आपापल्या घरचे आणतात. नवे तांदूळ, भोपळा, पपई, अंडी, जिवंत कोंबडी, शिवलेली कुंची. वेदीसमोर ते मांडले जाते, पाळक प्रार्थना करतात आणि मग या अर्पणाचा लिलाव पुकारला जातो. जमा रक्कम मंडळीच्या खर्चाला. लिलाव वेदीजवळ करावा की बाहेर मांडवात, यावर मतभेद असतात. कडक मताचे लोक आतला पुकारा चालू देत नाहीत आणि बाकीचे म्हणतात, अर्पण तर देवाचेच आहे. पण हा लिलाव चालतो कसा, हे बाजारातल्या माणसाने एकदा पाहावे. चाळीस रुपयांचा भोपळा पाचशेवर जातो. खाली उतरवायचा प्रयत्न कोणी करत नाही, उलट शेजारी शेजाऱ्याला चढवतो. आणि ज्याच्यावर बोली तुटते तो बहुधा पैसे भरतो, भोपळा परत टेबलावर ठेवतो आणि पुकारणारा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.